कर्करोगोपचारपूर्व शुक्राणुजतन

कर्करोगावरील केमोथेरपी, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया यांमुळे पुरुषाची जननक्षमता कायमची जाण्याचा संभव असतो. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच त्याचे वीर्य घेऊन ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये −१९६° से. तापमानाला गोठवून ठेवण्याच्या पद्धतीस शुक्राणुजतन म्हणतात. वयात आलेल्या मुलांसाठी व पुरुषांसाठी हा सर्वांत खात्रीचा उपाय असून बहुधा त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही.

वृषणातील मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि या काळात पेशींचे विभाजन सतत चालू असते. केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवरच घाला घालत असल्यामुळे कर्कपेशींबरोबर याही पेशी त्यांच्या तडाख्यात सापडतात. मूळ पेशी तग धरून राहिल्या तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी वीर्यात शुक्राणू पुन्हा दिसू लागतात. त्याच नष्ट झाल्या तर ते परतत नाहीत. औषध कोणते आणि मात्रा किती, यावर हे बरेचसे अवलंबून असते. सायक्लोफॉस्फमाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान यांसारखी औषधे विशेष घातक आहेत. हॉजकिन लिंफोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगावर पूर्वी दिल्या जाणाऱ्या, प्रोकार्बाझिनयुक्त ‘मॉप’ औषधयोजनेनंतर बहुसंख्य पुरुष वंध्य होत. तिच्या जागी आलेल्या ‘एबीव्हीडी’नंतर बहुतेकांची जननक्षमता परत येते. किरणोत्साराची सुमारे ६ ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) मात्रा वृषणांपर्यंत पोहोचल्यास कायमचे वंध्यत्व येऊ शकते. पुरुषी हॉर्मोन स्रवणाऱ्या लायडिग पेशी मात्र याहून बऱ्याच अधिक मात्रेतही टिकतात; त्यामुळे दाढी, आवाज व कामेच्छा शाबूत असलेल्या माणसाला आपल्यात काही बिघाड झाल्याची शंकाही येत नाही. वृषणाच्या कर्करोगात पोटामागील लसीका ग्रंथी काढताना मज्जातंतू दुखावले, तर शुक्राणू तयार होऊनही वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते किंवा स्खलनच होत नाही.

एचआयव्ही, कावीळ ब व क आणि सिफिलिस यांसाठी रक्त तपासल्यानंतर, शक्य असल्यास दोन-तीन दिवसांच्या अंतराने, दोन किंवा तीन नमुने घेतले जातात. गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होऊन ती फुटू नये म्हणून वीर्यात ग्लिसरॉलसारखे रक्षक द्रव्य मिसळतात. ग्लिसरॉलचा हा गुण इंग्लंडमध्ये १९४९ साली उजेडात आला आणि गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचे १९५३ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथून जाहीर झाले. वितळवल्यावर बरेच शुक्राणू मृत आढळतात. परंतु एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याचे इक्सी तंत्र १९९२ पासून उपलब्ध झाल्याने अगदी क्षीण नमुनाही जपण्याजोगा ठरतो. वृषणकर्करोग झालेले सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांनी १९९६ मध्ये केमोथेरपीपूर्वी वीर्य गोठवले होते व त्यातून त्यांना पुढे तीन अपत्ये झाली. मँचेस्टरमध्ये तर २१ वर्षे गोठलेल्या शुक्राणूंपासून मूल जन्मले आहे.

एकदा केमोथेरपी सुरू झाली की शुक्राणूंच्या डीएनएला इजा पोहोचते, म्हणून नमुना त्याआधीच घ्यावा लागतो. एवढ्या सोप्या गोष्टीला अनेक रुग्ण मुकतात ते बहुधा संकोचापायी. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आईवडिलांच्या देखत हा विषय विचारला तर तो नकोच म्हणणार. त्याच्याशी एकट्याने बोलणे ही डॉक्टरची जबाबदारी मानली पाहिजे. वीर्यात शुक्राणू न आढळल्यास ते वृषणातून शस्त्रक्रियेने शोधता येतात. वयात न आलेल्या मुलांच्या शरीरात शुक्राणूच नसल्याने त्यांच्या वृषणऊतीचा तुकडा गोठवतात, पण ही पद्धत अद्याप प्रायोगिक आहे. अशा गोठवलेल्या ऊतीपासून मिळालेल्या शुक्राणूंद्वारे माकडाचे पिल्लू जन्मल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्ताच्या कर्करोगात मात्र ही ऊती पुन्हा शरीरात बसवल्यास तिच्याबरोबर कर्कपेशीही परतण्याचा धोका उरतो.

भारतात वीर्यपेढ्या २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियमाखाली येतात. रुग्ण दगावल्यास नमुना कोणाचा, हा प्रश्न मात्र न्यायालयांपुढे येऊ लागला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लिंफोमाने मरण पावलेल्या अविवाहित तरुणाचे गोठवलेले वीर्य त्याच्या आईवडिलांना देण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२५ मध्ये आलेल्या प्रकरणात तरुणाने मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा असे संमतिपत्रात लिहून दिले होते. आईच्या याचिकेवर अंतिम निर्णय होईपर्यंत तो जपून ठेवण्यास न्यायालयाने सांगितले.