मूळ निरीक्षणं जपली, म्हणून आकाश पुन्हा वाचता आलं

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. पुणे विद्यापीठाच्या आवारात असलेल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेची ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास जवळजवळ ९० टक्के आकाश पिंजून काढलं. निरीक्षणाचे तास २,०००हून अधिक.

इतक्या कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरी वातावरणाच्या आयनीभूत थरातून येताना वाकतात. किती वाकतात, हे दिशेगणिक आणि मिनिटागणिक बदलत राहतं. ते सुधारल्याशिवाय प्रतिमा स्वच्छ होत नाही. खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहातली ही मूळ निरीक्षणं घेतली, प्रत्येक दिशेची वेगळी दुरुस्ती करणारी आज्ञावली त्यांवर चालवली आणि २०१७ साली ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. त्यासाठी खोडदची एकही अँटेना पुन्हा वळवावी लागली नाही. पुढे २०१८ मध्ये याच यादीतला एक स्रोत तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका ठरला. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला १२ अब्ज वर्षांहून अधिक काळ लागला आहे.

हे घडलं, कारण नुसत्या तयार प्रतिमा नव्हे, तर कच्ची निरीक्षणं जपलेली होती. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, कोणत्या वारंवारितेवर, हे सगळं त्यांच्यासोबत होतं.

आपल्या बहुतेक प्रबंधांच्या नशिबी हे नाही. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध सापडतो. त्यातल्या तक्त्यांमागची मूळ मोजमापं मात्र संशोधकाच्या लॅपटॉपवर किंवा विभागातल्या जुन्या संगणकावर पडून असतात, आणि एक दिवस हार्ड डिस्क जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१६ जीवशास्त्रीय शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागितला गेला. निबंध जितका जुना, तितका तो मिळणं अवघड. डेटा शिल्लक असण्याची शक्यता वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी घटत होती. सार्वजनिक पैशातून झालेलं काम असं हरवणं मला तरी अक्षम्य वाटतं.

विद्यापीठाच्या डेटा-भांडाराचं, म्हणजे संशोधनाचा डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहाचं, काम इथे सुरू होतं. डेटासंचाला कायमचा ओळख क्रमांक मिळतो. संकेतस्थळ बदललं, तरी नवा पत्ता त्याच क्रमांकाला जोडता येतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी लक्षात यावं, म्हणून प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढून ठेवतात. वापराचा परवाना स्पष्ट लिहिलेला असतो.

पण खरी मेहनत वर्णनाची. समजा, पुरंदर तालुक्यातल्या विहिरींच्या नोंदींत एका रकान्यात 'पातळी ७.२' असं आहे. मीटर की फूट? कठड्यापासून मोजलं की जमिनीपासून? वैशाखात की भाद्रपदात? मोजणाऱ्याला हे तोंडपाठ असतं, म्हणून तो लिहीत नाही. दहा वर्षांनी भूजल किती खाली गेलं हे तपासणाऱ्याच्या हाती मग नुसते आकडे उरतात. एक पानभर साधी मजकुराची फाइल हा प्रश्न सोडवते, फक्त ती मोजमाप चालू असतानाच लिहायला हवी. तक्तेही कुठल्याही संगणकावर उघडतील अशा साध्या सीएसव्ही स्वरूपात ठेवलेले बरे.

'माझ्या आधी दुसऱ्याने निबंध छापला तर?' ही विद्यार्थ्यांची भीती रास्त आहे. त्यावर उपाय मुदतबंदीचा: डेटा आज जमा करायचा, खुला नंतर होतो. जीएमआरटीवरही निरीक्षण करणाऱ्या गटाला आधी ठरावीक काळ मिळतो, मग डेटा सर्वांचा.

आरोग्याचा डेटा मात्र असा सरसकट खुला करता येत नाही. नाव पुसलं तरी छोट्या गावाचं नाव, वय आणि दुर्मीळ आजार एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. तिथे भांडारात वर्णन सर्वांना दिसावं आणि प्रत्यक्ष नोंदी अर्ज करून, नैतिकता समितीच्या परवानगीनेच मिळाव्यात. विहिरी, पाऊस, पिकं, मातीचे नमुने यांच्याबाबत ही अडचण फारशी येत नाही. ज्यांच्या विद्यापीठात अजून भांडार नाही, त्यांनी सर्न या युरोपीय भौतिकी प्रयोगशाळेच्या झेनोडो या खुल्या भांडारात डेटा ठेवावा. तिथे एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फुकट जागा मिळते.