‘विक्रांत’चं ब्रीदवाक्य गीतेतलं नाही

सोलापुरात सिद्धेश्वर तलावावर फिरायला गेलं, की विमानवाहू ‘विक्रांत’चा विषय निघतोच, आणि कुणीतरी हमखास सांगतं, तिचं ब्रीदवाक्य गीतेतलं आहे. मोबाईलवर येणाऱ्या संदेशांतही तेच असतं.

तसं नाही. ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ऋग्वेदातलं आहे: पहिलं मंडल, आठवं सूक्त, तिसरी ऋचा. ती इंद्राला उद्देशून आहे. तुझ्या रक्षणाखाली आम्ही वज्र हाती घेऊ आणि युद्धात स्पर्धकांना जिंकू, असं ऋषी म्हणतात.

गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात युधामन्यूला ‘विक्रान्त’ म्हटलंय. दुसऱ्या अध्यायात ‘यद्वा जयेम यदि वा नो जयेयुः’ आहे. पण तिथे अर्जुन साशंक आहे, आपण जिंकू की ते आपल्याला जिंकतील? युद्धनौकेवर हा संशय कोण कोरेल?

‘माझ्याशी लढेल त्याला मी हरवतो’ हा अर्थही सर्रास फिरतो. त्यातला ‘मी’ मला खटकतो. ‘जयेम’ म्हणजे ‘आम्ही जिंकू’, अनेकवचन. 1961 च्या जुन्या ‘विक्रांत’चं हेच वाक्य 2022 मध्ये नव्या नौकेकडे आलं.