घरच्या वर्कशॉपमध्ये विंटेज बाईकचा क्रँकशाफ्ट रीबिल्ड

क्रँकशाफ्ट रीबिल्ड म्हणजे जुन्या मोटरसायकलचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा भाग) पूर्ण उघडून झिजलेली क्रँकपिन, बिग एंड बेअरिंग (रॉडच्या क्रँकपिनवर बसणाऱ्या टोकातलं) आणि गरज असेल तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड बदलायचा आणि सगळं परत एका सरळ रेषेत बसवायचं. पार्ट बदलणं हा यातला सोपा भाग, खरं काम त्या सरळ रेषेचं आहे. नवीकोरी पिन आणि रॉड टाकूनही जे क्रँक लगेच परत खडखडायला लागतात ते बहुतेक तिथेच चुकलेले असतात.

जुन्या सिंगल सिलिंडर इंजिनात क्रँक सहसा एकसंध नसतो. दोन जड चकत्या, ज्यांना फ्लायव्हील किंवा वेब म्हणतात, त्यांच्या बाहेरच्या बाजूला मेनशाफ्ट आणि मध्ये दोघींना जोडणारी क्रँकपिन. जावासारख्या टू-स्ट्रोकमध्ये पिन नुसती दाबून बसवलेली असते, म्हणजे पिन भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागाने जाड, बास, तेवढ्या पकडीवर सगळं चालतं. जुन्या हार्लेत पिनची टोकं निमुळती असतात आणि नटने आवळतात. जुन्या बुलेट ३५० मध्ये बिग एंडला रोलरऐवजी फ्लोटिंग बुश, म्हणजे पिन आणि रॉडच्या मध्ये मोकळी फिरणारी धातूची नळी होती. या बुलेटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ९० मिमी, म्हणजे ५००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो, आणि दर फेऱ्याला तो दोनदा थांबून उलटा फिरतो, तो सगळा झटका त्या एका पिनवर येतो.

ट्रायम्फच्या जुन्या पॅरलल ट्विनचं, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाचं गणित वेगळं आहे. तिथे शेल बेअरिंग (पातळ अर्धगोल वाट्या) असतात आणि जर्नल, म्हणजे त्या ज्यावर बसतात तो क्रँकचा गोल भाग, ०.२५ किंवा ०.५० मिमी कमी करून ग्राइंड करावे लागतात, ते मशीन शॉपचंच काम, घरी करायच्या फंदात पडू नये. पण क्रँकच्या आतली स्लज ट्यूब मात्र स्वतः काढून साफ करावी, वर्षानुवर्षांचा गाळ त्यात दगडासारखा घट्ट बसलेला असतो आणि तो तसाच राहिला तर नव्या शेलला तेल पोचत नाही.

उघडायच्या आधी तपासणी. बेअरिंगमधलं तेल धुवून काढा, पिन वरच्या टोकाला आणा आणि रॉड सरळ वर-खाली ओढून बघा, रोलर बेअरिंगमध्ये हाताला ठक जाणवला की बिग एंड गेला समजा. रॉड बाजूला सरकतो म्हणून मात्र घाबरू नका, ती फट मुद्दाम ठेवलेली असते, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून मॅन्युअलशी ताडून बघायची. रॉडचं वरचं टोक थोडं डुलतं तेही नॉर्मल आहे.

दाबून बसवलेली पिन काढायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. चकतीला आधार पिनच्या अगदी जवळून द्यायचा, लांबून दिला तर चकतीच वाकते. पिन सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो, गॉगल घाला आणि समोर उभे राहू नका. भोक ओरखडलं किंवा सैल झालं असेल तर ओव्हरसाइज, म्हणजे थोडी जाड पिन घालायची. परत दाबताना दोन्ही चकत्यांच्या कडेवर स्टीलपट्टी ठेवून दाबत जायचं, आणि पिनला तेलाचं भोक असेल तर ते चकतीतल्या भोकासमोर आलंय ना हे दाबायच्या आधी बघायचं, नंतर फक्त पश्चात्ताप उरतो.

आता मुख्य काम, ट्रू करणं, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका सरळ रेषेत आणणं. क्रँक सेंटर्सवर (शाफ्टच्या टोकांच्या भोकांत बसणाऱ्या टोकदार आधारांवर) किंवा व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवा (जुन्या शाफ्टची सेंटरची भोकं ठोकून बिघडलेली असतात, तेव्हा बेअरिंगच्या जागेवरच टेकवलेलं बरं), दोन्ही शाफ्टवर डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) लावा आणि हळू फिरवा. उंच जागा, म्हणजे जिथे काटा सगळ्यात जास्त जातो ती, क्रँकपिनच्या रेषेत आली तर चकत्या एका बाजूला उघडल्यात किंवा मिटल्यात. उघडलेल्या बाजूला व्हाइसमध्ये दाबायचं, मिटलेल्या बाजूला पाचर घालायची. पिनपासून ९० अंशांवर आणि दोन्ही शाफ्टला उलट दिशेला आली तर पीळ आहे, मग एक चकती हातात धरून दुसरीच्या कडेवर तांब्याच्या हातोडीने एकच ठोका. एकच. परत मोजा. काटा ०.०८ मिमीवरून ०.०५ वर येतो, पुढच्या ठोक्याला ०.०३, आणि जरा जोर जास्त झाला की पलीकडे ०.०६. यात अख्खी संध्याकाळ जाते आणि जाऊ द्यावी. ०.०५ पर्यंत चालवणारे आहेत, माझ्या मते ०.०३ च्या आत आल्याशिवाय हातोडी खाली ठेवू नये.

बॅलन्सला सहसा हात लावायची गरज नाही, पिस्टनचं वजन बदललं असेल तरच बॅलन्स फॅक्टर (वर-खाली होणाऱ्या वजनाचा किती भाग चकत्यांच्या वजनाने तोलला आहे ते) तपासावा.

केस (क्रँक ज्यात बसतो ते इंजिनाचं कवच) बंद करताना मेन बेअरिंग, म्हणजे मेनशाफ्ट ज्यांवर फिरतात ती, नवीनच टाका. बोल्ट आवळल्यावर क्रँक बोटांनी फिरला पाहिजे, अडला तर केस परत उघडायची, इंजिन चालू झाल्यावर सुटेल असं म्हणून सोडायचं नाही. ज्या फोर-स्ट्रोकमध्ये बिग एंडला पंपाचं तेल जातं तिथे केस बंद करायच्या आधीच ऑइल कॅनचं टोक शाफ्टच्या तेलाच्या भोकाला लावून पंप करत राहायचं, बिग एंडच्या दोन्ही बाजूंनी तेल पाझरेपर्यंत.