आत्मरती आणि कार्यसमाधान : गोव्यातील शारीरिक शिक्षक

स्वतःच्या थोरवीची फुगलेली कल्पना, कौतुकाची न शमणारी भूक आणि दुसऱ्याच्या मनाची फारशी दखल न घेणे, या गुणांच्या एकत्रित ठेवणीला मानसशास्त्रात आत्मरती किंवा नार्सिसिझम म्हणतात. मराठीत काही जण यासाठी ‘स्वमग्नता’ वापरतात. पण तो शब्द आता ऑटिझमसाठी रुळला आहे, तेव्हा इथे टाळलेलाच बरा. पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक पुराणकथेतील नार्सिससवरून हे नाव आले. इंग्रज लेखक-वैद्य हॅवलॉक एलिस यांनी १८९८ मध्ये त्या कथेचा आधार घेतला, फ्रॉइड यांनी १९१४ मध्ये त्यावर निबंध लिहिला, आणि १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत तो व्यक्तिमत्त्व विकार म्हणून दाखल झाला. प्रस्तुत नोंद विकाराविषयी नाही. रक्तदाब जसा प्रत्येकालाच असतो, तसा कमीअधिक प्रमाणात सर्वांत आढळणारा हा गुण आहे, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

कार्यसमाधान म्हणजे आपल्या कामाचा हिशेब मनाशी मांडल्यावर वाटणारे समाधान. एडविन लॉक यांची १९७६ ची व्याख्या साधारण याच अर्थाची आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये त्यातली एक मेख दाखवली. पगार, वरिष्ठांची वागणूक, नोकरीची शाश्वती या गोष्टी नीट नसल्या तर माणूस वैतागतो; पण त्या नीट आहेत म्हणून तो खूश होतोच असे नाही. खुशी येते ती काम जमल्याने आणि जमलेले कुणीतरी पाहिल्याने. आत्मरतीचा धागा जुळतो तो या ‘पाहिल्या’शी.

गोव्यातल्या माध्यमिक शाळा मोठ्या संख्येने अनुदानित आहेत आणि त्यांतील कायम शिक्षकांना सरकारी वेतनश्रेणी मिळते. त्यामुळे पी.टी. सरांची किंवा टीचरची कुरकूर पगारापेक्षा मानाची असते. वार्षिक क्रीडादिनाला पहाटे पाचपासून मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, संचलनाची पथके उभी करायची, हातात माइक, गळ्यात शिट्टी. तीन तास अख्खी शाळा त्यांच्या इशाऱ्यावर चालते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज म्हणते, “सर, आजचा तुमचा पिरियड मला द्या हं, गणिताचा पोर्शन राहिलाय.” सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जून ते सप्टेंबर मैदान चिखलाचे असते, आणि व्हरांड्यात कॅरमचे चार बोर्ड मांडून बसलेल्या शिक्षकाला ‘तुम्ही तर मोकळेच’ हे वाक्य चुकत नाही.

निकालाच्या दिवशी मात्र चित्र उलटते. गोवा शालान्त मंडळ दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना खेळातील सहभागाबद्दल क्रीडागुण देते, आणि त्यांच्या बळावर काठावरची काही मुले उत्तीर्ण होतात. डिचोली-सत्तरी तालुक्यांच्या आतल्या गावांत अशा निकालानंतर पालक पेढे घेऊन आधी पी.टी. सरांकडे जातात. पण बाहेरच्या जगात हे नाव पोचत नाही. २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या. अशा वेळी पदकविजेत्याच्या बातमीत प्रशिक्षकाचे नाव येते, पाचवीत त्याला पहिल्यांदा धावायला लावणाऱ्या शाळेतल्या सरांचे क्वचितच.

अशा चढउताराच्या पेशात आत्मरतीने समाधान वाढते की घटते, हा प्रश्न सरळ विचारला तर उत्तरही चुकते. मानसशास्त्रज्ञ मित्या बाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आत्मरतीचे दोन पदर वेगळे केले : कौतुक मिळवण्याची धडपड आणि प्रतिस्पर्ध्याला खाली खेचण्याची खुमखुमी. पहिला पदर जाड असलेला शिक्षक क्रीडादिनावर वर्षभर तग धरू शकतो; कवायत बसवण्यात त्याचा जीव रमतो. दुसरा पदर जाड असेल तर तालुका स्पर्धेत शेजारच्या शाळेने नेलेली ढाल त्याला महिनाभर खुपते, पंच पक्षपाती वाटतात आणि हरलेल्या मुलांवर राग निघतो. याखेरीज आत्मरतीचा एक लपलेला, हळवा प्रकार असतो. तो मिरवत नाही. पिरियड मागणाऱ्याला हसून होकार देतो आणि तो अपमान वर्षानुवर्षे जपून ठेवतो. नोकरीतली खरी कडवटपणाची भीती, प्रस्तुत लेखकाच्या मते, या तिसऱ्या प्रकाराला जास्त.

मोजमापाचीही अडचण आहे. रास्किन आणि हॉल यांनी १९७९ मध्ये आत्मरतीची प्रश्नावली आणली. रास्किन आणि टेरी यांची १९८८ ची ४० विधानजोड्यांची आवृत्ती सर्वांत प्रसिद्ध; प्रत्येक जोडीतले आपल्याला लागू पडणारे एक विधान निवडायचे असते. तिच्या सात घटकांत दिमाख, श्रेष्ठत्वभाव, हक्काची भावना यांच्याबरोबर ‘अधिकार’ हाही एक आहे. आता चारशे मुलांना ‘सावधान’ म्हणून उभे करणे ही ज्याची रोजची सकाळ, तो नेतृत्व आणि हुकमत यांच्या बाजूने खूण करणारच. ती त्याच्या स्वभावाची खूण की नोकरीची? एकूण बेरीज हे सांगत नाही. घटकवार गुण पाहावे लागतात. शिट्टीमागचा मोठा आवाज हेही कामाचे हत्यार आहे, त्यावरून कुणाला आत्मरत ठरवणे हा आळस झाला. वयाचाही परिणाम असतो : वय वाढते तशी आत्मरती सरासरीने उतरते, म्हणून नव्याने लागलेला आणि निवृत्तीला टेकलेला शिक्षक एकाच मापाने मोजता येत नाहीत.

कार्यसमाधानासाठी पॉल स्पेक्टर यांची १९८५ ची ३६ विधानांची प्रश्नावली सोयीची आहे, कारण ती पगार, बढती, सहकारी, कामाचे स्वरूप अशी नऊ अंगे सुटी करते. पण गोव्यात ती भरून घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तालुके बारा, आणि बहुतेक शाळांत शारीरिक शिक्षक एक, फार तर दोन. ‘स्त्री, सत्तरी, अठरा वर्षे सेवा’ एवढे लिहिले की नाव न लिहिताही टीचर कोण ते क्रीडा क्षेत्रातल्या कुणालाही कळते, आणि ते तिलाही ठाऊक असते. मग मुख्याध्यापकांविषयीच्या विधानापुढे ती समाधानाच्या बाजूने खूण करते आणि कागद परत देते.