२२०० मीटर आणि ६३० मीटर : अटलांटिक ओलांडताना दोन्ही बँडमध्ये नेमका फरक काय?

५०० किलोहर्ट्झच्या खाली जगभर हॅमसाठी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी, मान्य झालेले दोन बँड (वारंवारितेचे पट्टे) आहेत. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा २२०० मीटरचा, आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा ६३० मीटरचा. पहिला २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरला, दुसरा २०१२ च्या. अमेरिकेने २०१७ मध्ये दोन्ही एकदमच खुले केले आणि तेव्हापासून त्यांची नावे जोडीनेच घेतली जातात. त्यामुळे एक चूक फार होते. ६३० वर पलीकडचा किनारा मिळाला की अँटेनाची तीच तार, तेच वेळापत्रक आणि तोच मोड (संदेश पाठवण्याची पद्धत) घेऊन माणूस २२०० वर जातो, महिनाभर काहीच पदरात पडत नाही आणि मग बँडला बोल लावला जातो. खरे तर दोन्हींची आखणी वेगळ्या टोकापासून सुरू करावी लागते : २२०० वर आधी अँटेनापासून, ६३० वर आधी घड्याळापासून.

अँटेनाचे आधी पाहू. परवान्यातली मर्यादा ईआयआरपीत असते, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी पॉवर गुणिले अँटेनाचा गेन (अशा आखूड उभ्या तारेला साधारण तीनपट). ट्रान्समीटरच्या मागच्या सॉकेटवर जे वॅट दिसतात त्यांच्याशी तिचा थेट संबंध नाही. अमेरिकेत २२०० वर १ वॅट ईआयआरपी, ६३० वर ५ वॅट (अलास्काच्या रशियाजवळच्या भागात १ वॅट). तिथे ट्रान्समीटरची मर्यादा मात्र उलटी दिसते : २२०० वर १५०० वॅट, ६३० वर ५०० वॅट. एका वॅटसाठी दीड किलोवॅट कशाला, हे एकदा आकडे मांडून पाहिले की कळते.

घराच्या आवारात मावेल अशी तार घ्या : १२ मीटर सरळ उभी, तिच्या टोकाला ४० मीटर आडवी. हिची परिणामी उंची (प्रसारणाला प्रत्यक्ष उपयोगी पडणारी उंची) साधारण १० मीटर धरता येते आणि कपॅसिटन्स, मीटरमागे ६ पिकोफॅरड या ठोकताळ्याने, ३०० पिकोफॅरडच्या आसपास. ४७५ किलोहर्ट्झवर या तारेचा रेडिएशन रेझिस्टन्स (रोधाचा तो भाग ज्यातली पॉवर लहरी होऊन बाहेर जाते) ०.४ ओहम येतो. १३७ वर तो ०.०३३ ओहम, म्हणजे बारापट कमी, कारण तो वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. जमीन, झाडे आणि कॉइल मिळून होणारा तोटा मात्र घटत नाही, उलट वाढतो. साध्या बागेत ६३० वर ५० ओहम आणि २२०० वर ८० ओहम धरून चाला. आता गणित असे : ६३० वर ५ वॅट ईआयआरपीसाठी तारेत साधारण २ ॲम्पिअर हवेत, त्याला २१० वॅट लागतात. २२०० वर १ वॅटसाठी ३.२ ॲम्पिअर हवेत आणि ८०० वॅटहून थोडे अधिक लागतात. पाचपट कमी बाहेर टाकायला चौपट जास्त ओतायचे. म्हणून २२०० वर पहिला पैसा आणि पहिला रविवार अर्थिंगवर आणि तारेच्या उंचीवर घालवावा. तारेची उंची दीडपट झाली तर त्याच करंटला सव्वादोनपट पॉवर बाहेर जाते.

आखूड तारेला बँडवर जुळवणारी लोडिंग कॉइल पाहिली की हा फरक हाताने मोजता येतो. ३० सेंटिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा ड्रम घ्या आणि वेढ्यांमध्ये अडीच मिलिमीटर अंतर ठेवून तार गुंडाळा. ६३० साठी ३७५ मायक्रोहेन्री हवेत, तीस वेढ्यांच्या आत काम होते. २२०० साठी साडेचार मिलिहेन्री हवेत : सुमारे १६५ वेढे, ४१ सेंटिमीटर लांबीचे वेटोळे, दीडशे मीटरहून अधिक तार. ६३० च्या कॉइलच्या वरच्या टोकाला ५ वॅटच्या हिशेबाने २.३ किलोव्होल्ट येतात. २२०० च्या कॉइलवर १ वॅटलाच १२ किलोव्होल्ट, शिखराला १७. अंधारात पाहिले तर तारेच्या मोकळ्या टोकाशी जांभळी ठिणगी फुसफुसताना दिसेल. तेवढ्यावर थांबले तर नशीब. ओली फांदी तारेला लागली की ती जळते, आणि स्वस्त नायलॉनची दोरी ओली झाली की वितळून तुटते. टोकाला तार गोल वळवून बंद कडे करावे, चांगला लांब इन्सुलेटर लावावा, आणि कॉइलपाशी मुले, कुत्रे, मांजरे पोहोचणार नाहीत असे कुंपण घालावे. ही हयगय करण्याची जागा नाही.

पावसाचा मार दोन्हींना सारखा बसत नाही. ओल्या पानांमुळे आणि वाऱ्याने झोके घेणाऱ्या तारेमुळे कपॅसिटन्स समजा २ टक्के, म्हणजे ६ पिकोफॅरड, वाढला. ६३० वर २२ ओहम रिॲक्टन्स (न जुळलेला विरोध) उरतो, तोट्याच्या ५० ओहमपुढे तो चालून जातो. २२०० वर ७७ ओहम उरतो, म्हणजे तोट्याइतकाच, आणि ॲम्प्लिफायरला समोरचा लोड ओळखू येत नाही. ॲम्प्लिफायरमधले मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर) जळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. म्हणून २२०० वर व्हेरिओमीटर, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारी कॉइल, हवाच, आणि तो खोलीत बसून छोट्या मोटरने फिरवता आला पाहिजे. मध्यरात्री भर पावसात त्याच्याजवळ जायची वेळ येऊ नये. ६३० वर एकदा जुळवले की बहुतेकदा हंगामभर हात लावावा लागत नाही.

आता घड्याळ. ६३० मीटर म्हणजे मीडियम वेव्हचा सख्खा शेजारी. मुंबईचे ५५८ किलोहर्ट्झचे आकाशवाणी केंद्र ज्यांनी लांबच्या गावी रात्री लावले आहे त्यांना त्याचा स्वभाव ठाऊक आहे : दिवसा आयनोस्फिअरचा (वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा) सर्वात खालचा डी थर सगळे गिळतो, जवळपासचेच उरते, सूर्य मावळला की शेकडो मैलांवरचे आवाज वर येतात, आणि मिनिटामिनिटाला चढउतार होतात. महासागर ओलांडायचा तर सगळ्या वाटेवर अंधार हवा. लंडन–बॉस्टन घ्या, अंतर सव्वापाच हजार किलोमीटर. डिसेंबरच्या मध्यावर बॉस्टनला सूर्य मावळतो २१:१५ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) सुमारास, लंडनला उगवतो ८ वाजता. हातात पावणेअकरा तास. जूनच्या मध्यावर बॉस्टनचा सूर्यास्त ००:२३, लंडनचा सूर्योदय ०३:४३, म्हणजे तीन तास वीस मिनिटे, तेही उन्हाळी विजांच्या कडकडाटात. ऑक्टोबर ते मार्च हाच खरा हंगाम. प्रशांत महासागरावरून कॅनडा–ऑस्ट्रेलिया असे संपर्कही ६३० वर झाले आहेत. तिथे एका टोकाला हिवाळा तर दुसऱ्याला उन्हाळा, म्हणून रात्री दोन्हीकडे बेताच्या असतात तो मार्च किंवा सप्टेंबरचा विषुवकाळ सोयीचा.

२२०० वर दिवस-रात्रीची भिंत इतकी उंच नाही. दिवसाही हजार किलोमीटरपर्यंत सिग्नल टिकून राहतो, रात्री वाढतो, आणि उजाडताच ६३० सारखा झपकन विझत नाही. चढउतार होतात, पण संथ. त्यामुळे सामाईक अंधाराच्या दोन्ही टोकांना आणखी थोडा वेळ जमेस धरता येतो. वाट उघडी आहे की नाही हे पाहायला फुकटचा दीपस्तंभही आहे : जर्मनीतले डीसीएफ३९ हे प्रसारण केंद्र, १३८.८३ किलोहर्ट्झ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ते ऐकू येत असेल तर रात्र वाया घालवू नये. ते शक्तिशाली केंद्र आहे, म्हणून त्याचा एकट्याचा आकडा घेऊ नका. कालच्यापेक्षा आज किती चढले हे पाहा.

मोड निवडताना सर्वात जास्त गोंधळ होतो. २००१ साली कॅनडा आणि ब्रिटन यांच्यात १३६ किलोहर्ट्झवर अटलांटिक ओलांडला गेला तेव्हा एकेक डॉट मिनिटापेक्षाही लांब ठेवून मोर्स पाठवला होता. आज ते काम एफएसटी४ हा संगणकावर चालणारा डिजिटल मोड करतो, आणि त्याच्या एका फेऱ्याची लांबी तुम्ही ठरवायची असते. ६० सेकंदांचा एफएसटी४ साधारण उणे २८ डेसिबलपर्यंत, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या इतका खाली असला तरी, वाचतो, ३०० सेकंदांचा उणे ३५ पर्यंत, १८०० सेकंदांचा उणे ४३ पर्यंत. मग सरसकट १८०० च का घेऊ नये? कारण त्यात टोनमधले अंतर ०.०८९ हर्ट्झ असते. २२०० वर आयनोस्फिअर सिग्नलला इतका पसरवत नाही, म्हणून तो चालतो. ६३० वर तीच वाट सिग्नल जास्त फाकवते, शिवाय अर्ध्या तासात सिग्नल तीनदा वर येऊन तीनदा बुडतो, आणि लांब मोड त्या सगळ्याची सरासरी काढत बसतो. तिथे ६० किंवा १२० सेकंदांचा मोड त्या एका उसळीत संदेश पार करतो. रेडिओचा ऑसिलेटरही पाहा : १३७ किलोहर्ट्झवर ०.०८९ हर्ट्झ म्हणजे दशलक्षात ०.६५, ४७५ वर तेच ०.१९. जीपीएसला बांधलेला ऑसिलेटर नसेल तर ६३० वर लांब मोडचा विचारच सोडा.

वेळेचा हिशेब यातूनच निघतो. सीक्यू (सर्वांना हाक), उत्तर, रिपोर्ट (सिग्नलचा आकडा), आर-रिपोर्ट (पोच आणि उलट आकडा), आरआर७३ (पोच आणि निरोप), ७३ (निरोप) असे सहा फेरे. ६० सेकंदांच्या मोडमध्ये सहा मिनिटे. १८०० मध्ये तीन तास, तेही एकही फेरा न चुकता. डिसेंबरच्या लांब रात्रीतही असे तीनच पूर्ण प्रयत्न बसतात. म्हणून २२०० वर समोरच्याशी एकच रात्र ठरवू नका, सलग पाच-सहा रात्री ठरवा. सम फेऱ्यात कोण पाठवणार, विषम फेऱ्यात कोण, आणि नेमकी वारंवारिता कोणती, हे आधी ईमेलवर पक्के करा. मध्यरात्री शोधत बसायला वेळ नसतो.

मोड नेमका निवडायला एक सोपी युक्ती आहे. आधी काही रात्री डब्ल्यूएसपीआर (तुमचा सिग्नल कुठे किती ऐकू आला हे कळवणारा बीकन मोड) चालवा : ६३० वर डायल ४७४.२, २२०० वर १३६.०. पलीकडून आलेला आकडा आणि एफएसटी४ च्या मर्यादा दोन्ही २५०० हर्ट्झ रुंदीतल्या गोंगाटाच्या मापात असतात, म्हणून थेट वजाबाकी होते. उणे २० ने ऐकू आलात तर ६० सेकंदांच्या मोडला ८ डेसिबलची मोकळीक आहे. चढउताराचे ५ वजा केले तरी पुरते. उणे २७ आला तर ३०० वर जा. हा आकडा एकाच दिशेचा असतो हे मात्र विसरू नका. तुम्ही तिकडे उत्तम पोहोचता आणि तिकडचे तुमच्याकडे एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या खडखडाटात बुडतात, असे सर्रास घडते. ऐकायला वेगळा लूप (वेटोळ्याचा अँटेना) घ्या, घरापासून दूर ठेवा, आणि खडखडाटाच्या दिशेला त्याचे शून्य, म्हणजे त्याला जिकडचे ऐकू येत नाही ती बाजू, लावा.

चुंबकीय वादळांचा फटका उत्तर अटलांटिकच्या वाटेला दोन्ही बँडवर बसतो, कारण ती ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याजवळून जाते. केपी (चुंबकीय वादळाची तीव्रता सांगणारा आकडा) खाली आला की लोक लगेच रेडिओपाशी बसतात. घाई करू नका. वादळानंतर काही दिवस वरून कण झिरपत राहतात आणि डी थर रात्रीही पुरता विरत नाही. तीन-चार दिवस शांत गेल्यावरची रात्र धरा, आणि संगणकाचे घड्याळ त्या संध्याकाळी पुन्हा जुळवून घ्या. एक सेकंदाहून जास्त फरक ठेवू नका.