हॉट टबची वायरिंग : अर्थिंग आणि न्यूट्रल (कोल्हापूर परिसर)

घरगुती हॉट टबमध्ये पाणी तापवणारा हीटर आणि ते घुसळणारा पंप असतो. त्याला फेज, न्यूट्रल (काळी) आणि अर्थ (हिरवी) अशा तीन तारा लागतात. कोल्हापुरात अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता बंगल्याच्या गच्चीवर किंवा पन्हाळ्याच्या वाटेवरच्या फार्महाउसवर टब बसतो, आणि वायरमनची खरी परीक्षा शेवटच्या दोन तारांत होते.

न्यूट्रल ही कामाची तार आहे. फेजमधून आलेला करंट तिच्यातून परत जातो. अर्थची तार एरवी रिकामी असते, फक्त बिघाडात करंट वाहते. रोहित्रापाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे ‘दोन्ही एकच’ असा समज पसरला आहे. अर्थची तार जमिनीत उतरवण्यासाठी खड्डा खणायचा कंटाळा आला की सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला लूप (तारेचा छोटा तुकडा) मारला जातो. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर हीटरमधून आलेला फेज याच लूपमधून टबच्या धातूच्या भागांवर चढतो. ओल्या अंगाच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं.

घराचा स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा असला तरी काम संपत नाही. खड्ड्याचा रोध १० ओहम धरला तर २३० व्होल्टला बिघाडाचा करंट साधारण २३ अँपिअर होतो. ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट झाला की पडून वीज तोडणारा स्विच) तेवढ्यावर पडत नाही आणि टबचं अंग ‘जिवंत’च राहतं. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखणारा स्विच) अटळ आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो पडतो आणि वीज तोडतो. त्याच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकत्र आल्या, तर तो वारंवार पडतो. मग वैतागून तो काढून टाकणारेही भेटतात, जो या सगळ्यातला सर्वांत वाईट उपाय.

जमिनीचाही यात वाटा आहे. नदीकाठची काळी माती ओल धरते, पन्हाळ्याकडचा जांभा आणि मुरूम लवकर सुकतो. सुक्या मातीत रोध वाढतो, म्हणून कोळसा-मीठ घालून पुरलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप ऑगस्टमध्ये रोधाचा उत्तम, म्हणजे कमी आकडा दाखवतो, मे महिन्यात नाही. त्यामुळे अर्थ टेस्टरने रोधाची मोजणी उन्हाळ्यात करावी आणि खड्ड्यात पाणी घालत राहावं. फेज-अर्थमध्ये बल्ब लावून ‘पेटला, म्हणजे चांगलं’ ही चाचणी फसवी आहे: १०० ओहमच्या खड्ड्यावरही १०० वॉटचा बल्ब बऱ्यापैकी पेटतो.

अमेरिकेसाठी बनवलेल्या टबला चार तारा लागतात : दोन फेज, न्यूट्रल आणि अर्थ. तिथे दोन फेजमध्ये २४० व्होल्ट असतात, फेज आणि न्यूट्रलमध्ये १२०. आपल्याकडे तशी जोडणीच नाही. त्यातली १२० व्होल्टची उपकरणं थेट २३० वर जळतील, आणि ६० हर्ट्झचा पंप ५० हर्ट्झवर मंद फिरेल. असा टब उत्पादकाच्या आराखड्याशिवाय जोडू नये.

टबजवळचे धातूचे कठडे, शिडी, नळ अर्थच्या तारेनं एकमेकांना जोडून घेतात. फेजची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थची तारही तेवढ्याच जाडीची घेतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे टबचा बोर्ड पुराच्या खुणेच्या वर बसवणं आणि पाणी ओसरल्यावर अर्थचे सांधे उघडून गंज तपासणं गरजेचं ठरतं.