मळणीचे दगडी कोठार

पेंढ्या साठवणे, झोडपणे आणि धान्य उफणणे ही तिन्ही कामे एकाच छपराखाली करण्यासाठी बांधलेली शेतावरची इमारत. महाराष्ट्रात मळणी बहुधा कोरड्या दिवसांत होते. उघडे खळे, मधोमध तिवडा (बैल बांधायचा खांब) आणि वारा एवढ्यावर भागते. इंग्लंडमध्ये उन्हाळ्याअखेर कापलेला गहू आणि बार्ली पावसापासून वाचवून हिवाळाभर थोडी थोडी मळावी लागे, म्हणून तिथे खळेच भिंतींच्या आत गेले.

लांब बाजूंना समोरासमोर दोन उंच दारे असतात, भरलेली गाडी शिरेल एवढी. त्यांच्यामधली पट्टी म्हणजे खळे. डावी-उजवीकडे पेंढ्यांची थप्पी. लांब दांड्याला चामड्याच्या वादीने जोडलेल्या आखूड सोट्याने मजूर पेंढ्या झोडपत. मग दोन्ही दारे उघडली की वारा आरपार वाहून कोंडा उडे. दाणे बाहेर उसळू नयेत म्हणून दाराच्या तळाशी आडवी फळी बसवत. भिंतीतले झरोके बाहेरून अरुंद आणि आतून पसरट असतात: हवा खेळते, पाऊस शिरत नाही. हे झरोके बुजवले की पेंढ्यांतली ओल कोंडून बुरशी धरते. बऱ्याच कोठारांत त्रिकोणी भिंतीच्या शेंड्याजवळ घुबडासाठी भोक ठेवलेले दिसते, कारण उंदरांचा बंदोबस्त तेच करी.

ऑक्सफर्डशायरमध्ये (1974 पूर्वी बर्कशायर) फॅरिंग्डनजवळ ग्रेट कॉक्सवेल येथे या प्रकाराचा उत्तम नमुना उभा आहे. ब्यूली मठाच्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी तो तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. लांबी सुमारे 46 मीटर, रुंदी 13 आणि उंची जवळपास 15 मीटर. याला दशमांश कराचे (चर्चला द्यायच्या पिकाच्या दहाव्या हिश्श्याचे) कोठार म्हणण्याची चूक वारंवार होते; इथे साठे ते मठाच्या स्वतःच्या शेतीचे पीक. ओकचे खांब जमिनीवर न टेकवता पुरुषभर उंच दगडी जोत्यांवर उभे केले आहेत, त्यामुळे ओल लाकडापर्यंत पोचत नाही. सातशे वर्षे सांगाडा टिकला त्यात या जोत्यांचा वाटा मोठा. दोन मुख्य चौकटींच्या मध्ये भिंतीतल्या दगडी ब्रॅकेटवरून वाकडी लाकडे वर जातात आणि छताचा भार वाटून घेतात. शेजारच्या केल्म्सकॉटला राहणाऱ्या कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी ही वास्तू कॅथीड्रलच्या तोडीची मानली, आणि आत उभे राहिल्यावर ते पटते. ती आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असून पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

स्कॉटिश यंत्रकार अँड्र्यू मीकल यांचे मळणीयंत्र 1786 च्या सुमारास आले आणि अशा कोठारांचे मूळ काम हळूहळू संपले. पुढे कित्येकांची घरे झाली. मधे मजला घातला, पडद्या उभारल्या, छपराला खिडक्या पाडल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंतची मोकळी जागा तुटते, आणि वास्तूचे खरे मोल त्या जागेतच असते.

दुरुस्तीत सर्वांत घातक सिमेंट. चुन्याच्या सांध्यांतून भिंतीतली ओल सुकते. सिमेंटने सांधे भरले तर तीच ओल मऊ चुनखडीतून बाहेर पडू पाहते, गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दगडी पाट्यांचे छप्पर वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या पाट्यांनी रचतात. पाटी शाबूत असली तरी तिला धरणारी लाकडी खुंटी कुजते, म्हणून उतरवताना पाट्या मापानुसार ओळीने वेगळ्या ठेवाव्यात. एकदा त्या मिसळल्या की उतरता क्रम पुन्हा जुळवायला प्रत्येक पाटी नव्याने मोजावी लागते.